दोन विहिणींची एक गोधडी

८ जानेवारी

विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. यातला ‘सप्रेम’ हा शब्द पत्रलेखनाच्या प्रघातापोटी आला आहे. त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

प्रथम वस्तुस्थिती क्रमाने मांडते, म्हणजे पुढे “मी असं म्हटलंच नव्हतं” हे वाक्य आपल्यापैकी कुणालाच वापरता येणार नाही.

एक. माझा मुलगा आणि तुमची मुलगी यांना मार्चच्या अखेरीस बाळ होणार आहे.

दोन. गेल्या वर्षी त्यांच्या नव्या घरी आपण आळीपाळीने राहायला गेलो. मी स्वयंपाकघरातले डबे कोणता किती वेळा लागतो त्यानुसार लावले. तुम्ही ते झाकणांच्या रंगांनुसार लावले. मी ते पूर्ववत केले. तुम्ही ते पुन्हा ‘पूर्ववत’ केले. एके संध्याकाळी सुनेला मिठाचा डबा सापडेना, तेव्हा ती ओट्याशी उभी राहून रडली. त्यानंतर आपल्यापैकी कुणालाही त्या घरी राहायचे बोलावणे आलेले नाही. फोनवर आपण एकमेकींना जे बोललो त्याची पुनरुक्ती करत नाही. तुमचे एकच वाक्य नोंदवते: “फूटपट्टीला माणसांतलं काय कळतं!” तुमच्या नाटक कंपनीत माझा उल्लेख आता याच नावाने होतो, हेही मला ठाऊक आहे.

तीन. रविवारी मुलाचा फोन आला. तुम्हांलाही त्याने हेच सांगितले असणार, तरी शब्दशः देते. “आई, बाळासाठी गोधडी हवी. तुकड्यांची, छान रंगीबेरंगी. पण एकच, आणि तुम्ही दोघींनी मिळून केलेली. ती घेऊन दोघी एकत्र या आणि निवांत राहा. दोन गोधड्या आल्या किंवा एकच आजी आली, तर मी दार उघडणार नाही.” मागून तुमची मुलगी म्हणाली, “अरे, जरा गोड बोल की.” तो म्हणाला, “हे गोडच आहे.”

चार. मी सारी नोकरी भूमिती शिकवण्यात घालवली. एखादा पृष्ठभाग फट न ठेवता तुकड्यांनी कसा भरावा, हा माझ्या प्रबंधाचाच विषय. गोधडी ही तीच समस्या आहे, कापडात मांडलेली. मात्र मला सुई धरता येत नाही. तुम्ही कंपनीचा कपडेपट सांभाळता, राजापासून विदूषकापर्यंत सगळ्यांना कपडे चढवता. तुम्हांला सुई चालवता येते, फक्त थांबवता येत नाही.

पाच. सबब विभागणी उघड आहे. आखणी माझी, कापड आणि शिवण तुमची.

आराखडा सोबत पाठवत आहे. सर्व तुकडे षटकोनी. मध्यभागी फिका पिवळा, मग केशरी, मग तांबडा, हिरवा, आणि कडांना गडद निळा. रंग सरळ वर्तुळात नाहीत. ते किंचित वळत बाहेर जातात, त्यामुळे वरून पाहिल्यास संथ फिरणारा भोवरा दिसतो. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आहे. क्रमांक बदलू नयेत.

उत्तर पत्राने द्यावे. तुमचे बोलके निरोप फोनवर पोचतात, परंतु त्यांत शिवणयंत्रच अधिक बोलते.

आपली,
तुमच्या जावयाची आई

२२ जानेवारी

विहीणबाई,

पत्र आले नाही. गाठोडे आले, आणि पाठोपाठ चार बोलके निरोप. नोंदीसाठी म्हणून मी ते ऐकले.

गाठोड्यात जे निघाले त्याबद्दल. राजाच्या अंगरख्याची जरीची बाही: नाकारली. जरी बाळाला टोचेल. चेटकिणीच्या घागऱ्याचा टिकल्या लावलेला घेर: नाकारला. टिकली निघते, आणि निघालेली प्रत्येक वस्तू बाळ तोंडात घालते, हे मला तुम्हांला सांगावे लागू नये. विदूषकाच्या विजारीचे पिवळे पॉपलिन, दासींच्या पोशाखांचे हिरवे वायल, पहारेकऱ्यांच्या डगल्यांचे निळे कॉर्डरॉय, कुणा म्हाताऱ्याच्या झोपायच्या सदऱ्याचे मऊ फ्लॅनेल: स्वीकारले. खलनायकाची लाल मखमल मी आशेने ठेवून घेतली होती.

स्वीकारलेले सर्व कापड मी धुतले. आता माझा टॉवेल गुलाबी आहे, विदूषक अर्धा केशरी आहे, आणि मोरीचा रंग मी अजून ठरवू शकलेले नाही. याबद्दल मी दूरध्वनी केला तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते असे:

“अहो, धुतलंत? मखमल धुतलीत? विहीणबाई, नाटकाचे कपडे धुतात का कुणी! उन्हात टाकायचे आणि वरून अत्तर मारायचं.”

“मग घामाचे काय होते?”

“खलनायकाला घाम आलेला बरा दिसतो.”

आपण यावर हसलात. माझ्या बाजूने आलेला आवाज खोकल्याचा होता.

आता नमुन्याविषयी. तुम्ही जो नमुना शिवून पाठवला आहे त्यातला एकेक तुकडा जेवणाच्या ताटाएवढा आहे. लाल ताट, शेजारी पिवळे ताट, शेजारी निळे. कारण विचारले, तर तुमचे उत्तर: “शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे.” विहीणबाई, आपल्या नातवंडाचा पाळणा शेवटच्या रांगेत नाही.

तरीही चौथ्या निरोपात तुम्ही म्हणालात, “बरं बाई, तुमचे ते सहा कोपरेवाले करते. माझी पोरगी दारातून परत पाठवेल नाहीतर. ती बापावर गेली आहे, बोलली की बोलली.” हा करार समजून मी धुतलेले कापड आणि षटकोनाचा पुठ्ठ्याचा साचा पाठवत आहे. साच्याची कड झिजली तर नवा मागवावा, अंदाजाने कापू नये.

बाकी, त्याच निरोपात तुम्ही विचारलेत की एकटीला घर खायला उठत नाही का. नाही. माझा दिवस आखलेला असतो.

आपली,
तुमच्या जावयाची आई

१२ फेब्रुवारी

विहीणबाई,

पहिला पट्टा पोचला. तपासला. निरीक्षणे पुढीलप्रमाणे.

षटकोनांची टोके जुळत नाहीत. तीन षटकोन जिथे भेटतात तिथे एकच बिंदू असला पाहिजे. तुमच्या पट्ट्यात ते तिघे एकमेकांची नजर चुकवून निघून गेले आहेत, मुलांच्या लग्नात आपण दोघी गेलो तसे. टाके कुठे दाट, कुठे विरळ. शिवणीचा उंचवटा बोटाला लागतो. एका जागी, जिथे हिरवा हवा तिथे फ्लॅनेल आहे, आणि कारण म्हणून सोबतच्या निरोपात एवढेच: “तिथे मऊ बरं वाटेल असं वाटलं.” वाटणे ही आखणी नव्हे.

भोवरा एका ठिकाणी अडखळला की सबंध गोधडी अडखळते. म्हणून मी पट्टा उसवला. तुकडे इस्त्री करून, क्रमांकानुसार चिठ्ठ्या टाचून परत पाठवत आहे. कापडाला इजा होऊ दिलेली नाही.

मार्च जवळ येत आहे. कृपया त्वरा करावी.

आपली,
तुमच्या जावयाची आई

२ मार्च

विहीणबाई,

माझ्या मागील पत्राचे उत्तर आले नाही. पत्र नाही, निरोप नाही, शिवणयंत्राचा आवाजही नाही.

आज सकाळी सारे गाठोडेच परत आले. तुम्ही कापलेले सगळे षटकोन, उरलेले कापड, माझा साचा, माझ्या चिठ्ठ्या. सोबत एक ओळही नाही. गाठ मात्र इतकी घट्ट की मला ती कात्रीने कापावी लागली.

त्यानंतर तासाभरात मुलाचा फोन आला.

“आई, तू उसवलंस?”

“टोके जुळत नव्हती.”

“आई. तू त्यांचं हातानं शिवलेलं उसवलंस?”

“तू तोच प्रश्न पुन्हा विचारतो आहेस.”

“कारण मला वेगळं उत्तर हवं होतं.” मग म्हणाला, “जाऊ दे. गोधडी राहू दे. मी दुकानातून एक आणतो.”

“आणि येण्याचे?”

“येण्याचं काय, आई? बाळ जरा मोठं झालं की तुम्ही एकेक दिवस येऊन बघून जा. आधी त्या, मग तू. वेगवेगळ्या.”

दुकानातल्या गोधड्या मी पाहिल्या आहेत. त्या तुकड्यांच्या नसतातच. सलग कापडावर तुकड्यांचे चित्र छापलेले असते. तुम्हांलाही हे आवडणार नाही, एवढे मी तुम्हांला ओळखते.

तुम्ही त्या पट्ट्यावर किती रात्री बसलात, हे तुमच्या मुलीने मला सांगितले. प्रयोग संपल्यावर, सगळे पांगल्यावर. मला ते आधी ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी टोके जुळली नसती, परंतु मी कदाचित पत्र वेगळ्या क्रमाने लिहिले असते.

तुमचे जुने निरोप आज पुन्हा ऐकले. केवळ संदर्भासाठी.

मौन हे उत्तर मी ग्राह्य धरत नाही.

आपली,
तुमच्या जावयाची आई

९ मार्च

विहीणबाई,

हे पत्र कृपया शेवटपर्यंत वाचावे. यात माफीचे पाल्हाळ नाही. तुम्हांला ते आवडत नाही, मला जमत नाही. यात एक निष्कर्ष आहे, आणि तो ज्या रीतीने निघाला ती रीत सांगणे भाग आहे.

काल दुपारी मी बैठकीतली खुर्ची आणि मेज भिंतीला लावले, आणि परत आलेले सगळे तुकडे फरशीवर माझ्या आराखड्याबरहुकूम मांडले. गाठोड्यात तुमचा दुसरा पट्टाही होता, मी पहिला उसवण्याच्या आधीच शिवलेला. तो मी उसवला नाही. त्याच्या जागी तसाच ठेवला. मग स्टुलावर चढून पाहिले. सांगायला हरकत नाही: भोवरा अप्रतिम दिसत होता. पिवळा मधून उमलत होता आणि निळ्यात बुडत होता. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत निर्दोष आखणी. ती मी एकटीने पाहिली, आणि खाली उतरताना मनात आले, हे बाळाला कसे दिसेल तेही पडताळून घ्यावे. पडताळणीवाचून मी काही सोडत नाही.

बाळ स्टुलावर चढत नाही. म्हणून मी फरशीवर निजले.

प्रथम उताणी. उताणे निजल्यावर मला माझे छत दिसले, आणि छताला एक कोळिष्टक. गोधडी पाठीखाली होती. एवढा भोवरा, एवढे क्रमांक, आणि ज्याच्यासाठी ते सारे आखले त्याची त्याकडे पाठ! विहीणबाई, मी दोन महिने या आराखड्यावर काम केले आणि हे माझ्या लक्षात आले नाही. तुमच्याही आले नाही, हे मी फक्त नोंदवून ठेवते.

मग मी पालथी झाले. बाळ काही महिन्यांनी पालथे पडते, मान उचलते, दमते आणि नाक टेकते. मी नाक टेकले. नाकापुढे हिरवा तुकडा होता. हिरवा, आणि एका बाजूला किंचित तांबडा. बस. भोवरा नाही, मध्य नाही, कडा नाही. वरून पाहणाऱ्यालाच आकृती दिसते. जो तिच्यावर राहतो त्याला फक्त शेजारचा तुकडा दिसतो. मग तुमची ताटे आठवून पाहिली. तीही चालणार नाहीत. ताटाएवढ्या लाल तुकड्यावर नाक टेकलेल्या बाळाला सारे जग लाल दिसेल. मी गच्चीवरून पाहणाऱ्यासाठी आखले, तुम्ही शेवटच्या रांगेसाठी. पाळण्यातल्यासाठी कुणीच नाही.

याच वेळी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आत आल्या. त्यांच्याजवळ माझ्या दाराची किल्ली असते. मला त्या अवस्थेत पाहून त्या ओरडल्या, “मॅडम! मॅडम, ऐकू येतंय का? बोट हलवा!”

मी म्हटले, “ऐकू येते आहे. ओरडू नका. मी काम करते आहे.”

“असं पालथं पडून?”

“याला दुसरी रीत नाही.”

त्या गुडघ्यांवर बसल्या, माझी नाडी धरली, डोळ्यांत बघितले. मग म्हणाल्या, “पाणी देऊ?” मी म्हटले, “नको. तुम्ही शेजारी निजा आणि तुम्हांला काय दिसते ते सांगा.” त्यांनी आधी दार लावून घेतले. मग खरोखरच निजल्या, भली बाई आहे. “निळं दिसतंय,” म्हणाल्या. “रेघारेघांचं. गालाला गंमत वाटतेय.” ते तुमचे पहारेकऱ्यांचे कॉर्डरॉय होते. “आणि मॅडम, इथे हे टणक टणक काय आहे? हे छान आहे. बोट आपोआप त्यावरून जातं.”

ती तुमच्या दुसऱ्या पट्ट्याची शिवण होती. पहिल्या पट्ट्यात ज्या उंचवट्याबद्दल मी तक्रार केली होती, तसाच.

त्या गेल्यावर मी आणखी थोडा वेळ तशीच राहिले. कामाच्या दृष्टीने त्याची गरज नव्हती. गालाखाली तुमचा पट्टा होता. डोळे मिटून हात फिरवला तर कळत होते की वायल कुठे संपते आणि कुठे फ्लॅनेल लागते. पहिल्या पट्ट्यात हिरव्याच्या जागी तुम्ही फ्लॅनेल का लावले असेल, तेही कळले. दोन खरबरीत तुकड्यांच्या मध्ये ते आले की बोट जरा थांबते. वाटणे ही आखणी नव्हे, असे मी लिहिले होते. या एका जागी ती होती.

निष्कर्ष असा. माझी आखणी रद्द करण्यात येत आहे. पहिल्या पट्ट्यावर मी जे आक्षेप घेतले ते सर्व त्या आखणीच्या आधारावर होते. आखणीच उरली नाही, त्यामुळे आक्षेपही उरत नाहीत, आणि उसवण्याला मग कोणतेच कारण उरत नाही. ते कृत्य निराधार ठरते. हे वाक्य तुम्ही दोनदा वाचावे, कारण ते मला तीनदा लिहावे लागले.

नव्या गोधडीसाठी माझ्याजवळ फक्त दोन गोष्टी आहेत. पहिली, तुकड्याचा आकार: तुमच्या ताटाहून लहान, माझ्या षटकोनाहून मोठा, म्हणजे पालथ्या बाळाला एका वेळी तीन रंग दिसतील आणि हात पसरला की दोन कापडे लागतील. एवढे गणित मी बिनचूक केले आहे. दुसरी, शेजारचे दोन तुकडे डोळे मिटूनही वेगळे कळले पाहिजेत. आणि इथे माझे गणित संपते. कोणत्या कापडाशेजारी कोणते बसावे, हे मी काल रात्रीपर्यंत कागदावर मांडायचा प्रयत्न केला. ते कागदावर मांडता येत नाही. त्याला कापड हातात घ्यावे लागते, आणि दुसरे कापड दुसऱ्या माणसाच्या हातात असावे लागते, आणि मग कुणीतरी “हं” किंवा “छे” म्हणावे लागते. ते टपालाने होत नाही.

मुलाला मी अजून काही सांगितलेले नाही. त्याने दुकानातली गोधडी आणली आहे की नाही, मला ठाऊक नाही. बाळ यायला अवधी थोडा आहे. आपण दोघी एका मेजाशी बसलो तर गोधडी होईल. वेगवेगळ्या बसलो तर आपल्याला एकेक दिवस पाहुण्यासारखे जाऊन यावे लागेल. आधी तुम्हांला, मग मला. मला पाहुणी म्हणून जायचे नाही. माझी बॅग भरलेली आहे. ती केवळ तिच्यात काय काय मावते हे पाहण्यासाठी भरली होती, पण भरली आहे हे खरे.

कंपनीचा मुक्काम सोडून तुम्हांला निघता येणार नाही, म्हणून येणे मलाच प्राप्त आहे. मी गाठोडे घेऊन तुमच्या कपडेपटात येईन. मला खुर्ची नको, पेटीवर बसेन. मी कापेन, तुम्ही शिवाल. टोकांकडे पाहणार नाही. पाहिले, तर बोलणार नाही. बोलले, तर तुम्ही कंपनीसमोर मला खुशाल फूटपट्टी म्हणावे.

परंतु न विचारता मी येणार नाही. कुणाच्या घरात न विचारता मांडामांड केली की काय होते, ते आपण दोघींनी पाहिले आहे.

तेव्हा विचारते: येऊ का?

याचे उत्तर लेखी हवे. बोलका निरोप नको. तुमचा आवाज लागला की मी त्याच्याशी वाद घालू लागते, आणि आता तेवढा वेळ नाही. कागद घ्या, हाताशी असेल तो घ्या, आणि त्यावर ‘या’ किंवा ‘येऊ नका’ एवढेच लिहून आजच्या टपालात टाका. जे लिहाल ते मी शुद्धलेखन न तपासता वाचेन.

तुमची,
विहीण